माउंट क्लेमेन्स: खाऱ्या पाण्यावर उभं राहिलेलं शहर

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर क्लिंटन नदीच्या काठी माउंट क्लेमेन्स नावाचं छोटं शहर आहे. ख्रिश्चन क्लेमेन्स यांनी १८१८ मध्ये त्याची आखणी केली. पण एके काळी ते ओळखलं जायचं ‘बाथ सिटी’ म्हणून.

गंमत अशी की इथे खोल बोअर मारले गेले ते मिठासाठी. १८६०च्या दशकातली ही गोष्ट. खारं पाणी मुबलक लागलं, पण त्यात इतर क्षार इतके मिसळलेले की विकण्याजोगं मीठ काढणं परवडेना. धंदा बसला. पुढे याच पाण्यात अंघोळ केल्यावर सांधेदुखीला, त्वचेच्या विकारांना उतार पडतो असं लोक सांगू लागले आणि १८७३ मध्ये पहिलं स्नानगृह सुरू झालं.

पाण्याला गंधकाचा उग्र वास, अगदी सडलेल्या अंड्यासारखा. ते तापवून टबात सोडायचे. रोगी त्यात पडून राहायचा, मग सेवक त्याचं अंग चोळून द्यायचे. एका दिवसात भागायचं नाही. तीन आठवड्यांचा क्रम असायचा. माझ्या मते या शहराचं नशीब पालटलं ते या लांबलेल्या मुक्कामानं. पाहुणा तीन आठवडे राहणार म्हणजे त्याला खोली हवी, जेवण हवं, संध्याकाळी करमणूक हवी. ग्रँड ट्रंक रेल्वेनं माणसं येत गेली, हॉटेलं आणि खानावळी वाढत गेल्या.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १८६२ मध्ये याच स्टेशनवर कोवळ्या वयाच्या थॉमस एडिसननं स्टेशनमास्तरांच्या मुलाला रुळांवरून ओढून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्याला तारयंत्र शिकवलं.

पाण्यानं रोग मुळापासून बरे होत होते, असं मी म्हणणार नाही. गरम पाण्यात दुखरे सांधे सैलावतात, तेवढा आराम मात्र खरा होता. १९२९ नंतरच्या मंदीत तीन आठवडे सुट्टी आणि त्याचा खर्च कुणाला झेपणार? पाठोपाठ नवी औषधं आली. एकेक स्नानगृह बंद पडत गेलं. शेवटचं १९७४ मध्ये. तरी शहर ओस पडलं नाही. मॅकोम्ब काउंटीचं मुख्यालय तिथेच आहे, आणि क्रॉकर हाऊस या जुन्या घरातल्या संग्रहालयात शहराचा इतिहास आजही बघायला मिळतो.