बँडमास्तर कॅननबॉल

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कॅननबॉल ॲडर्ली लोकप्रिय का झाला?' कॅननबॉल म्हणजे अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवादक ज्युलियन ॲडर्ली. उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण शेवटी मला वेळ पुरत नाही. तो मुळात शाळामास्तर होता, म्हणून. जाणकारांना हे रुचत नाही. कलाकार वाजवण्याआधी दोन वाक्यं बोलला की त्यांच्या कपाळाला आठ्या! त्यांतले काही आज दुसऱ्या रांगेत बसलेत. असू देत, चहा त्यांच्याकडूनच आहे.

ज्युलियन ॲडर्लीचा जन्म १९२८ चा, फ्लोरिडातल्या टँपाचा. घरात आईवडील दोघंही शिक्षकी पेशातले. १९४८ पासून हा फोर्ट लॉडरडेलच्या डिलर्ड हायस्कूलमध्ये बँडमास्तर. काळ्या मुलांची शाळा; तेव्हा तिकडे शाळाही वेगळ्याच असत. मग सैन्यात भरती, तर तिथंही बँडच. ज्यांनी कधी पंधरा ऑगस्टचं संचलन बसवलंय, त्यांना या माणसाच्या सहनशक्तीबद्दल वेगळं सांगायला नको.

आता माझा आवडता किस्सा. घरी बंदी आहे, म्हणून इथं सांगतो. १९५५ चा उन्हाळा, शाळेला सुटी. हा आणि धाकटा भाऊ नॅट, तो कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं वाद्य, वाजवायचा, दोघं न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमियात वाद्यं घेऊन बसलेले. मंचावर बेसवादक ऑस्कर पेटिफर्ड. त्याचा सॅक्सवाला जेरोम रिचर्डसन अजून उगवायचाय. पेटिफर्डनं चार्ली राउझला पिटाळलं, 'त्या माणसाचा सॅक्स मागून आण.' वाद्य मागितलं होतं हो, माणूस नव्हे! पण राउझ ॲडर्लीला ओळखत होता. त्यानं वाद्यासकट माणूसच मंचावर चढवला. पेटिफर्डचं डोकं फिरलं. त्यानं 'आय'ल रिमेंबर एप्रिल' काढलं, आणि लय अशी चढी धरली की परगावच्या पाहुण्यानं आपणहून खाली उतरावं. पाहुणा कसला उतरतोय! त्याच लयीत मस्त खेळत राहिला. जॅझमधला थोर सॅक्सवादक चार्ली पार्कर मार्चमध्येच गेलेला. न्यूयॉर्कनं लगेच याला वारस ठरवून टाकलं. बिचाऱ्याला ते बिरूद पुढं बरंच जड गेलं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. भावाबरोबरचा पहिला संच कर्जात बुडाला, १९५७ मध्ये तो ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात गेला. माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू' या गाजलेल्या तबकडीवरचा आल्टो सॅक्स याचाच. माइल्स श्रोत्यांशी बोलायचा नाही, हा बोलायचा. १९५९ मध्ये पुन्हा स्वतःचा संच काढला आणि सॅन फ्रान्सिस्कोत आपला पियानोवादक बॉबी टिमन्स याची 'धिस हिअर' वाजवण्याआधी ही चाल कुठल्या वळणाची, तीन मात्रांत कशी चालते, हे त्यानं वर्गात सांगावं तसं सांगितलं. तबकडी धडाक्यात खपली. पुढं संचातला नंतरचा पियानोवादक जो झाविनुल याची 'मर्सी, मर्सी, मर्सी' १९६७ मध्ये जॅझ असूनही अमेरिकेतल्या पॉप गाण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेली. समीक्षक म्हणाले, बाजारू झाला. अहो, समोरच्याला कळेल असं वाजवणं हा गुन्हा कधीपासून? सुरांत तडजोड कुठं आहे ते दाखवा, मग बोलू.

ती 'धिस हिअर'ची तबकडी आता लावतोय. तंत्रज्ञ दादा, सुरुवातीचं त्याचं बोलणं गाळू नका, तिथूनच लावा.