डिश सूर्यावरून लावताय? छत्री सूर्याकडे रोखू नका!

नमस्कार मंडळी! कंपास लावला तरी सिग्नल नाही, ही कमेंट इतक्यांदा आली की आज बसलोच. अहो, खांब लोखंडी, वर जीआय पत्रे, स्लॅबमध्ये सळ्या, आणि तुम्ही मोबाईल खांबाला टेकवून दिशा बघता! फोंड्याला मामांच्या गच्चीवर मी दोन पावलं सरकलो की काटा वेगळंच सांगायचा. सूर्याला पत्र्याशी काही देणंघेणं नाही.

फ्री डिशवाले, तुमचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व रेखांशावर. पणजीहून दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे साधारण 127 अंश, म्हणजे आग्नेय, उंची क्षितिजापासून 61 अंश. खांब सरळ उभा हवा, हे काय सांगायचं. आता सन कॅल्क्युलेटर, म्हणजे सूर्य कधी कुठल्या दिशेला ते सांगणारी साइट किंवा अ‍ॅप, उघडा, आपलं गाव टाका, आज सूर्याची दिशा 127 किती वाजता होते ते बघा. त्या मिनिटाला ओळंबा लटकवून दोरीच्या सावलीवर खडूने रेघ मारा. सावली वायव्येला पडते, उपग्रह बरोबर उलट बाजूला. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, त्याचा आर्म उपग्रहाच्या बाजूला करून रेघेला समांतर धरा.

आणि नीट ऐका, सूर्य फक्त दिशा देतो, उंची नाही. उंची ब्रॅकेटच्या स्केलवर, वेगळी. तरी एकाने लिहिलंच, "डिसेंबरात नऊ वाजता सूर्य एवढा खाली, तिथे कुठला उपग्रह?" अरे बाबा, तिथे नाहीच तो! सूर्य तेव्हा 27 अंशांवर, उपग्रह त्याच्या कितीतरी वर, दिशा तेवढी एक. दोघं खरोखर एका जागी येतात ते मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर, तेव्हा चित्र थोडा वेळ फुटू शकतं, उगाच नट सैल करू नका.

बारा वाजता सूर्य दक्षिणेला धरून मोजणाऱ्यांनो, आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे, गोव्यात सूर्याची दुपार साडेबाराच्या आसपास होते. म्हणून अंदाज नको, कॅल्क्युलेटर.

पेडण्याहून कमेंट आहे, "मे महिन्यात दुपारी माझी सावली दक्षिणेला पडते, व्हिडिओ फेक." सावलीचं शंभर टक्के खरं! मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, 127 वर येतच नाही, तेव्हा ही पद्धत विसरा. चवथीच्या दिवसांत जमतं, पण मीटरभर दोरीला सावली जेमतेम वीतभर आणि ती भराभर फिरते, तर दोरी लांब घ्या आणि वेळ मोबाईलवरचीच धरा.