गुबगुबीत अक्षराचं पोट

श्रोतेहो, नमस्कार.

आज अक्षरांच्या आकाराबद्दल बोलायचं आहे, आणि रेडिओवरून आकार काही दाखवता येत नाही. म्हणून एक विनंती करते. बोटानं तळहातावर 'ठ' काढून पाहा. वर आडवी शिरोरेषा, तिच्याखाली इवलीशी दांडी आणि दांडीला लोंबणारा गोल. आता हाच 'ठ' बोटाऐवजी अख्ख्या मुठीनं काढायचा म्हटलं तर? गोलाची रेघ आतल्या बाजूला सुजत जाईल, मधली मोकळी जागा बुजेल आणि हाती राहील नुसता काळा ठिपका.

देवनागरीचं जाडजूड, खेळकर अक्षर घडवायला बसलेल्या माणसापुढं पहिली अडचण उभी राहते ती हीच. रोमन लिपीतला 'एल' कितीही जाड केला तरी त्याच्या आत बुजण्यासारखं काही नसतं. आपल्याकडे 'इ' आहे, 'छ' आहे, 'ज्ञ' आहे. शिवाय डोक्यावर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार आणि पायाशी उकार. एवढं बिऱ्हाड सांभाळून अक्षरानं लठ्ठही व्हायचं आणि वाचायलाही यायचं!

मुंबईतल्या 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्यांच्या गटानं ही अडचण फार देखण्या रीतीनं सोडवली. त्यांच्या फॉन्टचं नाव 'मोदक'. त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटली. अक्षर जाड करताना पोटातली पांढरी जागा कशीबशी वाचवायची, ही नेहमीची धडपड. इथं त्या पांढऱ्या जागेलाच बारीक करत करत रेघेएवढं केलं आहे, आणि अक्षराची ओळख त्या रेघेवर सोपवली आहे. 'ठ'चं पोट म्हणजे फक्त एक चीर. पाटीवर पेन्सिलीनं लिहितो ना आपण, काळ्यावर पांढरं, तसंच काहीसं हे. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडल्यावर दोन कळ्यांच्या मध्ये जी बारीक खाच दिसते, ती मला या अक्षरांत दिसते. नाव अगदी शोभतं.

यात मौज जितकी आहे, तितकीच शिस्त आहे. 'र'मध्ये रेघा कमी, 'क्ष'मध्ये खच्चून भरलेल्या. दोन्ही शेजारी आले तरी एक फिका आणि दुसरा काळाकुट्ट दिसता कामा नये. म्हणून एकाला फुगवायचं, दुसऱ्याच्या रेघा आवरायच्या, आणि पांढऱ्या चिरा सगळीकडे सारख्याच भासायला हव्यात. त्यात जोडाक्षरं. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीच्या मुख्य तक्त्यात जागा फक्त 128. 'क्ष'ला त्यात स्वतःची जागा नाही. क, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, आणि ष एकापुढे एक आले की फॉन्टनं तो आकार पुढं करायचा. म्हणजे असा प्रत्येक जोडाकार कुणीतरी बसून काढलेला असावा लागतो.

असं अक्षर मराठीला नवं नाही. कमल शेडगे यांनी हातानं काढलेली नाटकांची नावं वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत पाहत एक पिढी मोठी झाली. नावाच्या वळणावरूनच नाटकाची जात कळायची. गावोगावचे पेंटरही दुकानाच्या पाटीवर अक्षराला झोका देत असत. मग फ्लेक्स आला. पुस्तकाच्या मजकुरासाठी केलेलं साधं अक्षर घ्यायचं, त्याला आडवं ताणायचं, भोवती जाड किनार चढवायची, की झालं 'खेळकर' अक्षर. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा 'शुभेच्छा' शब्द आठवा. 'च्छ'चा पार लगदा झालेला असतो आणि मात्रा शिरोरेषेला चिकटलेली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याच्यासाठीच तर एवढा मोठा फलक लावलेला असतो.

'मोदक' वापरायचा तो दोन-तीन शब्दांपुरता आणि मोठ्या आकारात. बालवाडीची पाटी, लाडवाच्या डब्यावरचं नाव, मुलांच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, गणेशोत्सवाचा फलक. रंग एकच आणि भरीव ठेवा. सावली किंवा किनार दिली की ती नेमकी त्या चिरांत शिरते. छोट्या आकारात छापलं तर शाई पसरते आणि चिरा मिटतात. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, एसटीचं वेळापत्रक, शोकसंदेश ही त्याची कामं नव्हेत.

थोडा लांब मजकूर असेल तर याच गटाचा 'बलू' घ्यावा. तोही गोलमटोल, पण अंगानं जरा आटोपशीर, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात. त्याची भावंडं इतर भारतीय लिप्यांतही आहेत, आणि त्यांची नावं ऐका. बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'बलू पाजी', तमिळमध्ये 'बलू थंबी', मल्याळममध्ये 'बलू चेट्टन', उर्दूत 'बलू भाईजान'. प्रत्येक भाषेत भावाला जशी हाक मारतात, तसं नाव. किती जिव्हाळ्यानं केलं असेल हे काम!

हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. शाळेसाठी घ्या, दुकानासाठी घ्या, पैसे पडत नाहीत. फलक छापायला देण्याआधी एवढं मात्र करा. कागदावर एक नमुना काढून भिंतीला लावा, दहा पावलं मागं जा, आणि नुकतंच जोडाक्षर शिकलेल्या एखाद्या मुलाला तो वाचायला सांगा. 'च्छ'पाशी ते अडखळलं, तर अक्षर आणखी मोठं करा.

नमस्कार.