ई-सायकलला गिअर किती लागतात?

श्रोतेहो,

ई-सायकल घ्यायला निघालेला माणूस बॅटरी आणि वेग यांची चौकशी झाली की हमखास विचारतो, ‘हिला गिअर किती?’ सात म्हटले तर त्याला थोडे कमी वाटतात आणि एकवीस म्हटले की समाधान होते. आजचा सगळा वेळ मी या एकाच प्रश्नाला देणार आहे, कारण त्याचे उत्तर आकड्यात शोधल्यामुळे अनेकांच्या पदरी जड आणि सतत दुरुस्ती मागणारी सायकल येते, आणि ती चढावर पुन्हा दमवतेच.

आधी माणसाच्या पायांचा विचार करू. सर्वसाधारण प्रकृतीची व्यक्ती तासभर सलग ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकते आणि तिचे पाय मिनिटाला साधारण ६० ते ९० फेरे मारताना सुखात असतात. फेरे पन्नासच्या खाली गेले की प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लावावा लागतो आणि तो भार गुडघ्यांवर येतो. रस्ता, वारा आणि चढ कसेही बदलले तरी पाय या सुखाच्या टप्प्यात ठेवणे, एवढेच गिअरचे काम आहे. ते मोजण्याची साधी रीत म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते पाहणे. नेहमीच्या २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. पुढच्या, म्हणजे पायडलपाशी असलेल्या दातेरी चक्राच्या दात्यांना मागच्या चाकावरच्या चक्राच्या दात्यांनी भागून त्याला २.२ ने गुणले की हे अंतर मिळते.

आता गरज किती ते पाहू. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साध्या ई-सायकलच्या मोटरची सातत्याने मिळणारी शक्ती २५० वॅटपर्यंत असते आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबते. त्या वेगाला मिनिटाला ७५ फेरे मारायचे असतील, तर एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. उताराला किंवा पाठीवर वारा असताना थोडे अधिक लागेल, म्हणून वरची मर्यादा साडेसहा मीटर धरू. खडा चढ ताशी सात किलोमीटरने ६० फेऱ्यांवर चढायचा असेल, तर एका फेऱ्याला दोन मीटरही पुरे होतात. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सायकल जेवढी पुढे जाते, त्याच्या साधारण सव्वातीनपट ती सर्वांत जड गिअरमध्ये जावी. यालाच मी गिअरचा पल्ला म्हणतो, आणि गिअरची संख्या विचारण्याआधी हा पल्ला विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

एकवीस गिअरचा हिशेब या दृष्टीने तपासून पाहा. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ ते २८ दात्यांची सात चक्रे, ही अगदी नेहमीची जोडणी. तीत पुढे ४८ व मागे २४ हा गिअर आणि पुढे २८ व मागे १४ हा गिअर, दोन्ही अगदी सारखे आहेत. असे आणखी कित्येक गिअर एकमेकांच्या इतके जवळ येतात की पायांना फरक कळत नाही, आणि साखळी फार तिरकी होत असल्याने काही जोड्या वापरूच नयेत अशा असतात. एकूण पल्ला भरतो ३.४ पट. पुढे एकच चक्र ठेवून मागे ११ ते ४२ दात्यांची आठ किंवा नऊ चक्रे बसवली, तर पल्ला ३.८ पट होतो आणि पुढची साखळी सरकवणारी सगळी यंत्रणाच नाहीशी होते. ई-सायकलवर पुढे दोन किंवा तीन चक्रे ठेवण्याचे सबळ कारण मला तरी दिसत नाही.

पल्ला ठरल्यावर प्रश्न उरतो तो मधल्या पायऱ्यांचा. सव्वातीन ते साडेतीनपट पल्ला आठ गिअरमध्ये समान वाटला, तर प्रत्येक पायरी सुमारे २० टक्क्यांची होते. पाचमध्ये वाटला तर ३५ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्यांवरून जड गिअर टाकला, तर पहिल्या रचनेत पाय ६७ वर येतात आणि दुसऱ्या रचनेत ६० च्या जरा खाली. शर्यतीतल्या सायकलपटूला एवढी घसरण परवडत नाही, कारण तो आपल्या ताकदीच्या काठावर खेळत असतो. आपल्याजवळ मात्र मोटर आहे. फेरे घसरलेल्या त्या काही क्षणांत कमी पडणारा जोर ती भरून काढते, म्हणून ई-सायकलवर मोठ्या पायऱ्या खपतात. २०१६ मध्ये स्रॅम कंपनीने डोंगराळ वाटांवरच्या ई-सायकलींसाठी ईएक्स-वन हा संच आणला, त्यात मागे ११ ते ४८ दाते आणि गिअर अवघे आठ होते. साध्या सायकलींवर चक्रांची संख्या वाढत चाललेली असताना ई-सायकलसाठी ती कमी करण्याचा हा निर्णय मला फार समंजस वाटतो.

मोटर कुठे बसवली आहे, यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून असते. मोटर पायडलपाशी, मधोमध असेल, तर तिची शक्तीही साखळीतून आणि गिअरमधूनच चाकाला जाते. म्हणजे गिअर तुमच्याइतकाच मोटरलाही लागतो. समजा सायकलस्वार आणि सायकल मिळून शंभर किलो वजन आहे आणि दहा टक्क्यांचा चढ ताशी दहा किलोमीटरने चढायचा आहे, तर एकूण सुमारे ३०० वॅट लागतात. त्यातला मोटरचा वाटा कितीही असो, तो मिनिटाला ८० फेऱ्यांऐवजी ४० फेऱ्यांवर मागितला तर मोटरला दुप्पट पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), द्यावा लागतो. दुप्पट पिळासाठी जवळपास दुप्पट विद्युतप्रवाह आणि दुप्पट प्रवाहाने तारांमध्ये चौपट उष्णता, असा हा हिशेब आहे. चढावर जड गिअरमध्ये रेटत राहणारा माणूस बॅटरीतली वीज अशी उष्णतेत घालवत असतो आणि साखळीलाही ताणत असतो.

मोटर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये असेल, तर गिअर बदलून तिला काहीच थेट फरक पडत नाही. ती चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. यावरून अशा सायकलला गिअर नसले तरी चालतात, असे अनेकजण सांगतात. सपाट रस्त्यापुरते ते खरे आहे. पण चढावर चाकाचा वेग फार उतरला की हीच मोटर सर्वांत वाईट अवस्थेत काम करते आणि तापते. हलका गिअर असेल तर तुमचे पाय फिरते राहतात, तुमचे शंभर वॅट चाकापर्यंत पोहोचतात, वेग टिकतो आणि मोटर वाचते. हबच्या मोटरला गिअरचा फायदा असा वळसा घेऊन मिळतो, आणि तो लहान नाही.

दात्यांच्या उघड्या चक्रांऐवजी मागच्या तुंब्याच्या आत गिअर असलेल्या सायकलीही मिळतात. त्यांतल्या जुन्या धर्तीच्या तीन गिअरचा पल्ला पावणेदोन पटीच्या आसपास, शिमानो कंपनीच्या ई-सायकलींसाठीच्या पाच गिअरचा २.६३ पट आणि रोलोफ कंपनीच्या चौदा गिअरचा ५.२६ पट आहे. रोजच्या सपाट, थांबत-थांबत जाण्याच्या प्रवासाला मी पाच गिअरवाली रचना निवडेन, कारण तिच्यात सायकल थांबलेली असतानाही गिअर बदलता येतो. सिग्नलपाशी जड गिअरमध्येच थांबल्यावर पुन्हा निघताना होणारी ओढाताण ज्यांनी सोसली आहे, त्यांना या सोयीचे मोल कळेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अगदी एकच गिअर पुरतो, हे म्हणणे बॅटरी चालू असेपर्यंतचे आहे. पंचवीस किलोची सायकल मोटरशिवाय चढावर नेण्याची वेळ आली की हलक्या गिअरची किंमत समजते. सपाट प्रदेशात, हलक्या सायकलवर, छोट्या अंतरासाठी एक गिअर ठीक आहे. चढ असलेल्या ठिकाणी तो कोणी सुचवला तर ऐकू नये.

आणि गिअर आहेत म्हणून ते वापरले जातातच असे नाही. मोटर ओढते आहे म्हणून सायकल कायम सर्वांत जड गिअरमध्ये ठेवण्याची सवय मी पुष्कळांत पाहिली आहे. सगळा ताण मग मागच्या अकरा-बारा दात्यांच्या सर्वांत लहान चक्रावर येतो, तो थोड्याच दात्यांत वाटला जातो आणि ते चक्र इतरांच्या आधी झिजते.

घरी गेल्यावर आपल्या सायकलचे दाते मोजून पाहा. पुढे ४२ आणि मागे १४ ते २८ असे सात गिअर असतील, तर हलक्यात हलका गिअर ३.३ मीटरचा ठरतो आणि ताशी आठ किलोमीटरने चढताना पाय मिनिटाला चाळीसच फेरे मारतात. त्याच सायकलला पुढे ३६ आणि मागे १४ ते ३४ दात्यांचा संच बसवला, तर गिअर सातच राहतात, पण हलका गिअर २.३ मीटरवर येतो, पाय ५७ फेऱ्यांवर जातात, आणि ताशी २५ किलोमीटरलाही तुम्ही ७४ फेऱ्यांवर आरामात असता.