दिलेला कौल

(पहाट. अजिंक्यताऱ्याचा तट. खाली साताऱ्याचे दिवे.)

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब या गडाला वेढा घालून बसला. वर प्रयागजी प्रभू गड लढवत होते. मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं. एप्रिलमध्ये सुरुंग उडाले, तटाखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली, तरी शेवटी गड पडला. संगणकावरच्या बहुतेक युद्धखेळांत इथं डाव आटोपतो. राजा गेला, गड गेला, नकाशावरचा रंग पुसला. प्रत्यक्षात महाराणी ताराबाई उभ्या राहिल्या आणि १७०७ साली औरंगजेब मेला तरी हे राज्य संपलेलं नव्हतं.

ते का संपलं नाही, हे खेळाच्या नियमांत बसवायचा ध्यास आम्हा चौघांनी घेतला आहे. शनिवार पेठेतल्या एका माळ्यावर, रोज रात्री.

(माळा. भिंतीवर हातानं काढलेला नकाशा.)

या प्रकाराला ग्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात. एखादी लढाई जिंकून भागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवायचं असतं. सारा, सोयरीक, वारसा, दुष्काळ, तह. घड्याळ धावत असतं, हवं तिथं थांबवायचं आणि हुकूम सोडायचे.

नकाशा म्हणजे मुळात एक चित्र. प्रत्येक परगण्याला स्वतःचा वेगळा रंग. तुम्ही जिथं क्लिक करता, त्या ठिपक्याचा रंग वाचून प्रोग्रॅमला परगणा कळतो. दोन परगण्यांचा रंग सारखा पडला, की एकाच्या पेरणीनं दुसऱ्याचं कोठार भरतं. ही चूक हुडकण्यात आमची एक अख्खी रात्र गेली आहे.

खरी अडचण पुढची होती. परगण्याला एकच मालक, हे गृहीतच आपल्याकडे टिकत नाही. १७१९ साली शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथ-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून मिळाल्या. सुभे बादशहाचे, पण वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा साताऱ्याचा. मग त्या गावाला रंग कुठला द्यायचा? आम्ही पट्टे दिले. दिसायला नकाशा गिचमिड झाला, पण खरा झाला.

पाऊसही खरा हवा होता. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशे. म्हणून आमच्या खेळात पावसाळ्याचे चार महिने फौजा छावणीत बसतात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होतं. आषाढात स्वारी काढलीत, तर निम्मी जनावरं चिखलात जातात.

(जमिनीवर कागदी नकाशा. वर ज्वारीचे दाणे, चिंचोके.)

कोड लिहिण्याआधी आम्ही सगळं असं कागदावर खेळून बघतो. ज्वारी म्हणजे धान्य, चिंचोके म्हणजे स्वार. आमच्यातल्या एकाची मावशी माणहून आली होती, तीही बसली डावाला. लढाईत उजाड झालेलं एक गाव मी परत घेतलं आणि नियमाप्रमाणे तिथला दाणा उचलला. मावशीनं माझा हात धरला.

"आरं बाळा, पैल्याच वर्साला सारा मागितलास, तर मानसं माघारी येत्याल कशाला?"

मोडी कागदपत्रांत याचंच उत्तर आहे. गाव ओस पडलं, की सरकार रयतेला कौल देई: या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा चढता. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. आणि देवाला फुलं लावून विचारतो, तोही कौलच. उजवीकडचं फूल पडलं तर होकार.

या एका शब्दानं आमचा खेळ सापडला.

आमचं राज्य काल्पनिक आहे. नदी, गड, घराणी, सगळी आम्ही रचलेली. महाराजांना कुणी माऊसनं इकडून तिकडं हलवावं, हे मनाला पटलं नाही. पण गावांचे देव त्या जगात जागे आहेत. तुम्ही गावाला दिलेला कौल देवळातल्या वहीत चढतो. तो पाळलात, तर अडीअडचणीला ते गाव तुम्हाला लपवतं, चारा देतं, वाट दाखवतं. तो मोडलात, तर स्वारीआधी त्या देवापुढं फुलं लावा. उजवं फूल रात्रभर हलत नाही. दुसरी जादू आम्ही ठेवलेली नाही. आगीचे गोळे टाकणारे मांत्रिक सुरुवातीला होते, ते काढून टाकले.

(रात्र. पडद्याचा उजेड एका तरुण चेहऱ्यावर.)

गेल्या महिन्यात कॉलेजचा एक मुलगा खेळून बघायला आला. दोन तासांत त्याची राजधानी पडली, राजा दूर दक्षिणेत निघून गेला, नकाशावर त्याच्या रंगाचा पट्टा उरला नाही. "हरलो ना?" म्हणत तो उठायला लागला. आम्ही काही बोललो नाही. त्यानं सहज वही उघडली. सतरा कौल, सगळे पाळलेले.

तो परत खाली बसला. घड्याळ सुरू केलं. श्रावण गेला, भाद्रपद गेला. दसऱ्याला डोंगरातल्या एका गावातून वीस स्वार आले.