चिखलातला बुडबुडा

भाताची लावणी होऊन महिना झाला, बेणणीला म्हणजे तण काढायला खाचरात उतरलात, की पोटरीपर्यंत चिखल चढतो आणि पाय उपसताना बाजूने चार-पाच बुडबुडे वर येतात. लहानपणापासून आपण ते बघत आलो. त्यात मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा वायू. या बुडबुड्यावरून एकदा आपल्या देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

खाचरात पाणी तुंबलं की मातीत हवा शिरत नाही. असलेला ऑक्सिजन जिवाणू संपवतात, मग नायट्रेट, मग लोह. हे सगळं सरलं की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. मुळांतून झिरपणारे रस आणि कुजणारा पालापाचोळा हे त्यांचं खाद्य. पण मिथेन बाहेर पडतो तो मुख्यतः बुडबुड्यांतून नव्हे, रोपातून! भाताचा बुंधा आडवा कापून भिंगाखाली धरा. आत पोकळ नळ्या दिसतील. चिखलातल्या मुळांना हवा मिळावी म्हणून रोपाने केलेली ही सोय. त्याच वाटेने मिथेन वर येतो.

१९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आला, की भारताच्या भातखाचरांतून वर्षाला जवळपास ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघतो. त्याला आधार होता तो परदेशातल्या खाचरांतल्या मोजमापांचा. तिथल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब जास्त, पाणी हंगामभर उभं. आपल्याकडे बराच भात पावसावरचा, जमिनी कर्बाने रोडावलेल्या, मधल्या उघडिपीत भेगा पडणाऱ्या. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९९१मध्ये देशात ठिकठिकाणी मोजणी केली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. एक दशांश!

ही मोजणी कशी करतात तेही सांगतो, कारण त्यातले कष्ट मला फार मोलाचे वाटतात. चार-सहा चुडांवर, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांवर, पारदर्शक पेटी पालथी घालायची, तळाशी पाण्याने हवाबंद करायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची आणि त्यातला मिथेन यंत्रावर तपासायचा. पेटीपर्यंत जायला आधी फळी टाकावी लागते. चिखलात पाय पडला तर दबलेला वायू एकदम सुटतो आणि आकडा खोटा येतो. असं रोप वाढण्यापासून कापणीपर्यंत पुन्हा पुन्हा.

आकडा खाली आला म्हणून प्रश्न मिटला, असं मात्र समजू नका. चाळीस लाख टन म्हणजे थोडे नाहीत. ताजं शेण किंवा पेंढा चिखलणीत गाडला की मिथेन वाढतो. नीट कुजलेल्या खताने तो बराच कमी राहतो. एवढं तर आपल्या हातात आहेच. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात चिखलणीच नाही, गादीवाफ्यावर थेट टोकणी. पाणी तुंबवायचं नसेल, तर मिथेनचं मूळच सैल होतं.

पाणी उभं ठेवायचंच असेल, तर ते मधूनमधून आटू द्यावं. मिथेन साधारण तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने घटतो. पण कोकणात आषाढ-श्रावणात कोण पाणी आटवणार? पाऊस आपल्याला विचारून पडत नाही. म्हणून माझं लक्ष वायंगणावर, म्हणजे उन्हाळी भातावर आहे. तिथे पाणी पाटाचं, आपल्या ताब्यातलं. फक्त एक सांभाळा. खाचर सुकवायचं, त्यावर युरिया फोकायचा आणि पुन्हा पाणी सोडायचं, असं केलंत तर मिथेन वाचेल आणि नायट्रस ऑक्साइड सुटेल. तो तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. शिवाय उडून गेलेला युरियातला नत्र तुमच्या पैशाचा. त्यापेक्षा चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतल्यासारख्या युरिया-डीएपी खताच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा.

आणि वायंगणात भोकं पाडलेला पाइपचा तुकडा खाचरात उभा पुरा. त्यातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पाटाचं दार उघडायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र खाचर अजिबात सुकू द्यायचं नाही.