यातलं आधी कोणतं करू?

नमस्कार श्रोतेहो.

चार दिवस रजा काढली, पोटभर झोप झाली, तरी कामावर परतल्यावर दुपारपर्यंत माणूस पुन्हा गळून जातो. याला नुसती दमणूक म्हणता येत नाही. दमणूक विश्रांतीने उतरते. इथे कामावरचं मनच उडालेलं असतं. यालाच बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांना पाहून. म्हणजे कामचुकार नव्हे, जीव ओतून काम करणारीच माणसं यात आधी सापडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगातलं त्राण संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुखणं कामातून येत असेल, तर नुसत्या प्राणायामाने ते कसं जाईल?

कामातच काहीतरी बदलावं लागतं. समजा, हातात तीन कामं आहेत आणि साहेब चौथं आणून ठेवतात. आपण मान डोलावतो आणि रात्री जागतो. त्याऐवजी तिथल्या तिथे विचारावं, “साहेब, हे आज करून देतो. मग कालचा अहवाल उद्या दुपारी मिळेल. चालेल ना?” यात नकार नाही, कुरकुर नाही. आधी काय आणि मागाहून काय, हे ज्यांनी ठरवायचं त्यांनाच ठरवू द्यायचं. पुष्कळदा उत्तर येतं, “अरे, मग हे परवा दे.” घाई आपणच गृहीत धरलेली असते. अर्थात, सगळंच आजच हवं म्हणणारे साहेबही असतात. तिथे काय काय मागे पडतंय, ते लेखी कळवून ठेवावं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. रात्री साडेदहाला मेसेज येतो, आपण ‘ओके’ टाकतो. झालं! हा माणूस साडेदहालाही हजर असतो, अशी खूणगाठ समोरच्याने बांधलीच. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. कायदा नसेल तिथे आपणच आधी सांगून ठेवायचं, “आठनंतर मेसेज पाहत नाही. फारच अडलं तर फोन करा.” गंमत बघा, बेधडक मेसेज टाकणारा माणूस फोन लावताना दहादा विचार करतो. मनातल्या मनात घातलेली मर्यादा मात्र कोणालाच दिसत नाही.

झोप, चालणं, वेळेवर जेवण हे तुम्हाला ठाऊकच आहे. एवढंच सांगतो, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आढळला आहे. आणि आवडत्या गोष्टींतही आठवडेच्या आठवडे रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर ते नैराश्यही असू शकतं. डॉक्टरांना भेटायला लाजू नका.

आता साहेबलोकांना एक विनंती. रात्री काही सुचलं तर जरूर लिहून ठेवा, पण पाठवा सकाळी. वेळ लावून संदेश पाठवायची सोय ईमेलमध्ये असते.

नमस्कार.